नर्सबाईंची पदवी

मागच्या वर्षी श्रींच्या आगमनाच्या आदल्या दिवशी आमच्या घरी एक छोटी सभा भरली होती. विषय होता मुलीचं पुढचं शिक्षण. तिनं बारावीला जीवशास्त्र घेतलं होतं, गुण बरे होते, नीटमध्ये मात्र गाडी अडली. सगळे आपापल्या परीने सल्ले देत असताना ती शांतपणे म्हणाली, "मला बी.एस्सी. नर्सिंग करायचंय." क्षणभर कुणी बोललंच नाही. मग काकांनी विचारलं, "म्हणजे डॉक्टर नाही जमलं म्हणून नर्स?"

त्यावर कोपऱ्यात मोदकांचं सारण ढवळत बसलेली माझी आत्या म्हणाली, "डॉक्टर नाही जमलं म्हणून नाही रे. आणि ती पदवी म्हणतेय, सर्टिफिकेट नाही. त्यातला फरक तुला कळायचा नाही."

आत्या सरकारी रुग्णालयातून स्टाफ नर्स म्हणून निवृत्त झाली, त्याला आता दहा वर्षं झाली. मी स्वतः राज्य शासनाच्या बांधकाम खात्यात उपयंत्री आहे, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा केलेला. डिप्लोमा आणि डिग्री यांच्यामधली भिंत किती जाड असते हे मला कुणी सांगायला नको. बढतीची यादी लागली की ती भिंत दिसते. म्हणून आत्याचं ते वाक्य मनात राहिलं, आणि नर्सच्या सर्टिफिकेटची पदवी कधी, कशी झाली याचा मी जमेल तसा शोध घेतला. मंडळाच्या स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा हाच विषय द्यायचं ठरवलं. आपल्या इंदुरातल्या मराठी घरांतून या पेशात गेलेल्या बायका कमी नाहीत, पण त्यांच्याबद्दल आपण फारसं लिहीत नाही.

सुरुवात सगळे फ्लॉरेन्स नाइटिंगेलपासून करतात, मीही करतो. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिच्या नावाची प्रशिक्षणशाळा निघाली. रुग्णसेवा हे शिकून करायचं काम आहे, हा विचार तिथून जगभर गेला. नाइटिंगेलबाई हिंदुस्थानात कधीच आल्या नाहीत, पण इथल्या पलटणींच्या आणि गावांच्या आरोग्यावर त्यांनी आयुष्यभर लिहिलं. त्यांच्या शाळेतून निघालेल्या पद्धतीत एक मेख होती. शिकणारी मुलगी रुग्णालयातच राहायची, रुग्णालयातच राबायची, आणि राबता राबता शिकायची. म्हणजे रुग्णालयाला स्वस्तात मनुष्यबळ मिळायचं. जगभरातली रुग्णालयं या विद्यार्थिनींच्या जिवावर चालली. अशा व्यवस्थेत मुलींना विद्यापीठात पाठवून चार वर्षं पुस्तकं वाचू द्यायची कुणाला घाई असणार? पदवीला उशीर झाला त्याचं मोठं कारण हे आहे, असं माझं मत झालं.

अमेरिकेत १९०९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाने आपल्या छत्राखाली नर्सिंगची शाळा काढली, आणि १९२३ मध्ये येलने. खुद्द ब्रिटनमध्ये मात्र एडिंबरा विद्यापीठात नर्सिंगची पदवी सुरू व्हायला १९६० साल उजाडलं. हे साल लक्षात ठेवा, कारण आपण पुढे याच्याकडे परत येणार आहोत.

आपल्याकडे मद्रासच्या सरकारी रुग्णालयात १८७१ मध्ये प्रशिक्षणशाळा सुरू झाल्याची नोंद आहे. मुंबईत जे. जे. रुग्णालयात १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचं नाव पहिली भारतीय नर्स म्हणून घेतलं जातं. नाव आपल्याकडचं आहे, पण त्यांच्याविषयी याहून जास्त माहिती कुठे मिळत नाही. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून डॉक्टर झाल्या, त्यांच्यावर कादंबरी निघाली, नाटक झालं, सिनेमा झाला. पाचच वर्षांनी जे. जे.च्या वॉर्डात उभ्या राहिलेल्या काशीबाईंच्या वाट्याला नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकातली एक ओळ आली.

त्या काळात या पेशात येणाऱ्या मुली मुख्यतः ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन असत. कारण उघड आहे. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र काढायचं, जखमा धुवायच्या, रात्रपाळी करायची, घराबाहेर वसतिगृहात राहायचं, यातली एकेक गोष्ट त्या वेळच्या सवर्ण घरात बंदच होती. विटाळाचा प्रश्न होता तो वेगळाच. सुईणीचं काम गावात कुणाकडे असायचं आणि तिला घरात कुठपर्यंत येऊ द्यायचे, हे आपल्या आजी-पणजीला विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

ही कोंडी महाराष्ट्रात फोडायचा मोठा प्रयत्न केला तो रमाबाई रानडे यांनी. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. शिवणकाम, शिक्षिकांचे वर्ग हे लोकांना पटण्यासारखं होतं. पण रमाबाईंनी सेवासदनच्या बायकांना, त्यात कितीतरी तरुण विधवा होत्या, ससून रुग्णालयात नर्सिंगच्या शिक्षणाला पाठवलं, त्यांच्या राहण्याची सोय केली. पुण्याच्या सनातनी मंडळींनी यावर काय काय म्हटलं असेल याची कल्पना करता येते. पण न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी या कामामागे उभी आहे म्हटल्यावर बोलणाऱ्यांची तोंडं थोडी तरी आवरली गेली असणार. केशवपन केलेली, माजघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसणारी बाई पांढरा पोशाख घालून पगार घेऊ लागली, ही माझ्या मते त्या काळातल्या मोठमोठ्या चळवळींच्या तोडीची गोष्ट आहे.

आपल्या मध्य भारतात हे काम बरंचसं मिशनऱ्यांनी केलं. १८८० नंतरच्या दशकात कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या स्त्री डॉक्टर इंदुरात आल्या आणि पुढे त्यांनी बायकांसाठी रुग्णालय काढलं. मिशन रुग्णालयांतल्या नर्सेसच्या परीक्षा घेण्यासाठी वेगवेगळ्या प्रांतांत मंडळं होती. आपल्या भागासाठी मिड इंडिया बोर्ड ऑफ एक्झामिनर्स होतं. या बोर्डाची नर्सेसच्या पुढच्या शिक्षणाची शाळाही इंदुरातच होती. सरकारी नोंदणीचे कायदे प्रांताप्रांताने आले, मद्रासचा १९२६ मध्ये, मुंबईचा १९३५ मध्ये. पण प्रत्येक प्रांताचं सर्टिफिकेट वेगळं, अभ्यासक्रम वेगळा. मुंबईची नर्स लग्न होऊन ग्वाल्हेरला आली तर तिचं शिक्षण इथे मानलं जाईलच याची खात्री नसायची.

मग दुसरं महायुद्ध आलं. लष्कराला नर्सेस हव्या होत्या आणि त्या पुरेशा नाहीत हे सरकारच्या ध्यानात आलं. १९४३ मध्ये दिल्लीत नर्सिंगच्या प्रशासनाचं शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. त्याच वर्षी सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली देशाच्या आरोग्याची पाहणी करायला समिती नेमली गेली. या भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. त्यातला एक आकडा मी आत्याला वाचून दाखवला तर ती हातातली माळ खाली ठेवून ऐकत राहिली. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात नर्सेस होत्या सुमारे ७ हजार, म्हणजे ४३ हजार माणसांमागे एक. डॉक्टर त्याच्या सहापट-सातपट होते. जगात बहुतेक ठिकाणी डॉक्टरांपेक्षा नर्सेस जास्त असतात, आपल्याकडे उलटं होतं. समितीने लांबचं उद्दिष्ट ठरवलं ते ५०० माणसांमागे एक नर्स असं. नर्सेसचे पगार, राहण्याच्या जागा, समाजातला मान यांच्या दुरवस्थेबद्दल समितीने स्पष्ट लिहिलं, आणि विद्यापीठाची पदवी देणारी नर्सिंग कॉलेजं काढावीत अशी शिफारसही केली.

त्याच १९४६ साली दोन ठिकाणी पदवीचे अभ्यासक्रम सुरू झाले. एक दिल्लीला, त्या युद्धकाळातल्या शाळेचंच कॉलेज झालं. पुढे त्याला देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचं नाव मिळालं. दुसरं वेल्लोरला, ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. तिथे आयडा स्कडरबाईंनी १९०९ पासून नर्सेसची शाळा चालवली होती. आता ते एडिंबराचं साल आठवा, १९६०. ज्यांनी आपल्याला नर्सिंग शिकवलं असं आपण म्हणतो, त्यांच्या विद्यापीठांच्या चौदा वर्षं आधी, स्वातंत्र्यही मिळालेलं नसताना, आपल्या देशात मुली नर्सिंगच्या पदवीसाठी विद्यापीठात बसल्या होत्या. ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात का नाही, मला कळत नाही.

१९४७ च्या शेवटी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला आणि देशभर एक अभ्यासक्रम, एक मान्यता यांचा पाया पडला. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४ मध्ये निघालं. नर्सिंगची एम.एस्सी. दिल्लीला त्याच्याही आधी सुरू झाली होती.

पण पदवी निघाली म्हणजे नर्सेस पदवीधर झाल्या असं नाही. कॉलेजं मोजकी, जागा त्याहून मोजक्या. देशाला नर्सेस हजारोंनी हव्या होत्या आणि ताबडतोब हव्या होत्या. म्हणून १९५० च्या सुमारास ए.एन.एम. हा दोन वर्षांचा छोटा अभ्यासक्रम आला, सातवी पास मुलींसाठी. खेड्यापाड्यात लसीची पेटी खांद्याला लावून फिरणारी, आपण जिला "सिस्टर" किंवा "नर्सबाई" म्हणतो, ती हीच. मधली पायरी जी.एन.एम., म्हणजे जनरल नर्सिंग आणि मिडवायफरी. रुग्णालयांतल्या बहुतेक स्टाफ नर्सेस याच वाटेने आल्या. आणि वरची पायरी बी.एस्सी. अशा तीन पायऱ्या झाल्या, पण जिना नव्हता. खालच्या पायरीवरची बाई वरच्या पायरीवर जाईल कशी, याची सोय सुरुवातीला कुणी केलीच नव्हती.

ती सोय पहिल्यांदा १९६३ मध्ये त्रिवेंद्रमला झाली. जी.एन.एम. होऊन नोकरीत असलेल्या नर्सेसना दोन वर्षांत बी.एस्सी. देणारा अभ्यासक्रम. आज त्याला पोस्ट बेसिक बी.एस्सी. म्हणतात. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात १९४६ इतकंच १९६३ महत्त्वाचं. दारिद्र्यामुळे, घरच्या विरोधामुळे, किंवा बारावीला शास्त्र नव्हतं म्हणून जिला सरळ पदवीला जाता आलं नाही, तिला दुसरी संधी देणारं हे दार होतं.

हे दार आत्यासमोरही आलं होतं, म्हणून ही गोष्ट सांगतो.

आत्याने १९७३ मध्ये जी.एन.एम.ला प्रवेश घेतला तेव्हा आमच्या आजीने तिच्याशी सहा महिने अबोला धरला होता. "आमच्या सात पिढ्यांत कुणी असलं काम केलं नाही," हे आजीचं म्हणणं. आजोबा होळकर संस्थानच्या काळातले कारकून, त्यांची पेन्शन तुटपुंजी, घरात तीन धाकटी भावंडं. ट्रेनिंगमध्ये स्टायपेंड मिळत होता आणि वसतिगृहात जेवण होतं, हे त्यांना पुरेसं वाटलं. सुट्टीला घरी आली की आजी तिला आधी अंघोळीला पाठवायची, मग स्वयंपाकघरात घ्यायची. माझी आई लग्न होऊन आली ती आत्याची नोकरी लागल्यानंतर. आई सांगते, "वन्संचा पगार यायचा त्या दिवशी मात्र सासूबाईंना विटाळ आठवायचा नाही." पुढे आजी स्वतः अर्धांगाने दोन वर्षं अंथरुणाला खिळली, तेव्हा तिला एकही शय्याव्रण झालं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायला रात्री आत्याच उठायची.

नोकरीत दहा-बारा वर्षं झाल्यावर आत्याने पोस्ट बेसिकसाठी अर्ज केला. शासकीय सेवेतल्या नर्सेसना अभ्यासरजेवर पाठवायची तरतूद होती. जागा थोड्या, पण तिची सेवाज्येष्ठता आणि गुण दोन्ही बसत होते. अर्ज वॉर्डातून मेट्रनकडे, मेट्रनकडून कार्यालयात गेला आणि तिथे एका टेबलावर थांबला. ना हरकत पत्र आलं तेव्हा प्रवेशाची तारीख उलटून नऊ दिवस झाले होते. कुणी मुद्दाम केलं असं आत्या आजही म्हणत नाही. "कुणालातरी वाटलं असेल, घाई काय आहे," एवढंच म्हणते. पुढच्या वर्षी आजी अंथरुणाला खिळली, त्यानंतरच्या वर्षी वय आड आलं. तिच्या हाताखाली सलाईन लावायला शिकलेली मुलगी पदवी करून परत आली आणि नर्सिंग शाळेत ट्यूटर झाली. आत्याच्या हुद्द्यापुढे शेवटपर्यंत स्टाफ नर्स हेच लिहिलेलं राहिलं.

मी स्वतः टेबलावर बसणारा माणूस आहे. फाइल टेबलावर कशी बसते आणि उठायला कसा वेळ लागतो, हे मला चांगलं ठाऊक आहे. हे ऐकल्यापासून आमच्या कार्यालयात कुणाचा शिक्षणासंबंधीचा अर्ज आला तर मी तो त्याच दिवशी पुढे सरकवतो. बाकीच्या फाइलींबद्दल असा दावा करत नाही.

१९९४ मध्ये इग्नूने नोकरीतल्या नर्सेससाठी पोस्ट बेसिक बी.एस्सी. दूरस्थ पद्धतीने सुरू केली, तीन वर्षांची. नोकरी न सोडता, सुट्टीसाठी कुणाचं तोंड न बघता पदवी. देशभर कितीतरी जणींनी रात्रपाळीनंतर अभ्यास करून ती मिळवली. आत्याने मात्र फॉर्म आणला आणि भरला नाही. का, ते विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

आता आजचं सांगतो, कारण स्मरणिका वाचणाऱ्या घरांत बारावीची मुलं-मुली असतील. हो, मुलगेही, या पेशात आता मुलगे बरेच दिसतात. सरळ बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांची. त्याला बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, वय १७ पूर्ण असावं लागतं. २०२१ पासून अभ्यासक्रम सेमिस्टर पद्धतीचा झाला आहे, आठ सेमिस्टर. शास्त्र नसलेल्यांना जी.एन.एम.ची वाट मोकळी आहे, तीन वर्षांची, आणि नोंदणी झाल्यावर पोस्ट बेसिकची दोन वर्षं करून पदवी मिळते. एक-दोन वर्षं जास्त लागतात, पण मधे कमाई सुरू करता येते. जी.एन.एम. बंद करून सगळ्यांना पदवीच द्यावी असा विचार मध्यंतरी वर झाला होता, पण ते चालू राहिलं. ते बरंच झालं असं मला वाटतं, नाहीतर गरीब घरांचा जिना काढून घेतल्यासारखं झालं असतं. याशिवाय लष्कराच्या नर्सिंग सेवेची चार वर्षांची बी.एस्सी. आहे, तिची निवड आता नीटच्या गुणांवरून सुरू होते आणि ती फक्त मुलींसाठी आहे. भोपाळच्या एम्समध्येही पदवी आहे.

एक सावधगिरीची गोष्ट आपल्या राज्यातली आहे, ती टाळून पुढे जाता येत नाही. गेल्या काही वर्षांत मध्य प्रदेशात खासगी नर्सिंग कॉलेजं गल्लोगल्ली उगवली. कागदावर कॉलेज, प्रत्यक्षात दोन खोल्या, आणि रुग्णालयाचा पत्ता नाही, अशा तक्रारी उच्च न्यायालयात गेल्या. सीबीआयकडे चौकशी गेली. २०२३ मध्ये न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाने परीक्षांना स्थगिती दिली आणि हजारो मुलामुलींची वर्षं अधांतरी लोंबकळली. त्यात ज्यांनी प्रामाणिकपणे अभ्यास केला होता तेही होते. ज्या राज्यात बायकांना एकेक जागा मिळवायला दशकं लागली, तिथे जागांचा असा बाजार व्हावा, याचा राग येतो. २०२३ मध्येच संसदेने नर्सिंग आणि मिडवायफरी आयोगाचा नवा कायदा केला आहे. तो जमिनीवर कसा उतरतो ते बघायचं.

म्हणून मुलीच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही आत्याला बरोबर घेऊन तीन कॉलेजं बघितली. पहिल्या ठिकाणी चकचकीत काचेची इमारत होती, ऑफिसातल्या गृहस्थांनी आम्हाला चहा दिला, प्लेसमेंटचं रंगीत पुस्तक दिलं. आत्याने विचारलं, "तुमचं रुग्णालय कुठेय?" ते म्हणाले, "टाय-अप है मॅडम." आत्या म्हणाली, "कॉलेजाच्या मालकीचं शंभर खाटांचं लागतं. ते दाखवा." चहा अर्धा टाकून आम्ही निघालो. दुसऱ्या ठिकाणी रुग्णालय होतं, पण वॉर्डात शिकणारी एकही मुलगी दिसली नाही. तिसऱ्या ठिकाणी आत्या आम्हाला ऑफिसात बसवून परस्पर वॉर्डात गेली आणि पाऊण तासाने परतली. कुणा एका आजीची उशी नीट करून आली होती म्हणे. "इथल्या पोरींना बेड बनवता येतो," एवढाच अहवाल तिने दिला. त्याच ठिकाणी प्रवेश घेतला.

मुलीचं पहिलं वर्ष आता संपलं. सुरुवातीला शरीररचनेच्या इंग्रजी नावांनी रडकुंडीला आली होती. रविवारी आत्याकडे जाऊन बसते. आत्याला ती नावं तोंडपाठ आहेत, फक्त स्पेलिंग विचारायचं नाही, ही अट आहे. दोघी मिळून माझ्या बायकोच्या दंडाला रक्तदाबाची पट्टी बांधून सराव करतात. परवा मुलीने तिला सहज विचारलं, "आत्याआजी, इग्नूचा तो फॉर्म अजून आहे का गं तुझ्याकडे?" आत्याने उठून कपाटातली ट्रंक उघडली. वर्गाचा फोटो होता, बिल्ला होता, खाली तो फॉर्म होता, नाव आणि जन्मतारीख भरलेला, पुढचे रकाने कोरे. मुलीने तो स्वतःच्या फाइलीत ठेवायला मागितला. आत्याने दिला.

यंदाही दहा दिवस संध्याकाळच्या आरतीनंतर आत्या मंडपात उजव्या हाताच्या खुर्च्यांवर बसलेली असते. ज्यांच्या घरी नर्सिंगचा विचार चालू आहे त्यांनी कागदपत्रं घेऊन तिला जरूर भेटावं. कॉलेजचं नाव सांगण्याआधी रुग्णालय बघून आला असाल तर ती नीट बोलते.